रेझिनची भिंत रंग का धरत नाही, आणि तिला म्हातारी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने १:८७ प्रमाणाच्या रेल्वे मॉडेलसाठी रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, ओतलेले दोन संच घेतले: एक दुमजली विटांची इमारत आणि एक घडीव दगडाचा मालधक्का, वर पत्र्याचं छप्पर. विटांच्या इमारतीला त्याने थेट ॲक्रिलिक रंग दिला. खिडक्यांसाठी मास्किंग टेप लावली, ती काढताना रंग साईसारखा टेपला चिकटून निघून आला. उरलेल्या भिंतीवर जुनेपणासाठी काळा रंग पाण्यात कालवून फिरवला. आता इमारत जुनी नाही, जळालेली दिसते. त्याला विचारायचंय की रंग कोणता घ्यायचा, ब्रश की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा), आणि जुनेपणा आणायचा कसा.

आधी एक सांगते, तुमचा रंग वाईट नव्हता. भिंत मळकी होती.

माझ्या वडिलांचं सूत रंगवायचं छोटं काम होतं, सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि अंगणात वाफाळणाऱ्या टाक्या, अशात मी वाढले. नवं सूत आलं की वडील ते आधी सोडा घालून उकळायचे. कोऱ्या सुतावर कापसाचं स्वतःचं मेण असतं, ते गेल्याशिवाय रंग आत शिरत नाही. वर वर चढतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. एखादा नवा माणूस घाई करून उकळणं टाळायचा, तेव्हा वडील ओरडायचे नाहीत. ती लड वाळल्यावर फक्त त्याच्या पांढऱ्या धोतरावर घासायचे.

रेझिनचं नेमकं तेच आहे. हे सुटे भाग सिलिकॉनच्या साच्यात ओतलेले असतात. साच्यातून माल सहज सुटावा म्हणून आत तेलकट फवारा मारतात. तो मारला नसला तरी रेझिनच्या अंगावर चिकट तवंग राहतोच. डोळ्याला तो दिसत नाही, बोटालाही फारसा कळत नाही. रंगाला मात्र लगेच कळतो.

म्हणून धुवायचं. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, मऊ झालेला जुना टूथब्रश. हाताला मऊपणा देणारं लिक्विड नको, त्यात पुन्हा तेलच असतं. खिडकीच्या सिलखाली, कंगोऱ्याच्या आतल्या कोनात, दगडांच्या दरजांमध्ये दहा मिनिटं नीट घासा. नंतर भिंत नळाखाली धरून उभी करा आणि बघा. पाण्याचा पडदा अखंड उतरला तर ती स्वच्छ. पाणी थेंबाथेंबात फाटलं तर तिथे तेल आहे, परत घासा. शेवटचं खळखळणं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने करा, कारण आपल्या बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. रात्रभर वाळू द्या. त्यानंतर भिंत कडेने धरायची. जेवण करून थेट मॉडेलला हात लावायची सवय असेल तर ती मोडा. शेंगाचटणीचं बोट मी एका स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर प्रायमरमधून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या अस्तरातून, उमटलेलं पाहिलंय, आणि ते माझंच होतं.

तुमच्या रंगवलेल्या भिंतीचं काय? ती फेकू नका. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, भिंत दोन-तीन तास बुडवून ठेवा, मग त्याच टूथब्रशने घासा. ॲक्रिलिक गाळासारखं सुटतं. आधी मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर करून बघा, भाग मऊ पडत नाही ना याची खात्री करा. ॲसिटोन किंवा एनसी थिनरमध्ये मात्र भिजत घालू नका, रेझिन फुगतं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅसच्या ओट्याजवळ हा उद्योग नको.

धुताना भिंत वाकलेली दिसली तर घाबरू नका. पॉलियुरेथेनचे, म्हणजे या रेझिनचे, पातळ भाग वाकतातच. कढत पाण्यात, म्हणजे उकळीच्या बऱ्याच खाली, मिनिटभर धरा. भाग लवचिक झाला की ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथा ठेवा, वर काच आणि काचेवर तांदळाचा डबा. गार होईपर्यंत हलवू नका. हाच गुण उलटाही फिरतो. एका प्रदर्शनासाठी मी गिरणीची उंच चिमणी केली होती. मे महिन्यात ती मोटारीच्या डिकीत ठेवून मी जेवायला गेले. परत येऊन बघते तर चिमणी कमरेत वाकून नमस्कार करत होती. सोलापूरच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी. तेव्हापासून माझं मॉडेल मांडीवर बसून प्रवास करतं.

कडेचे पापुद्रे, ओतायच्या तोंडाचे खुंट हे कानशीने आणि ओल्या पॉलिश पेपरने काढा. ओल्याच, कारण रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसाला चांगली नाही. पाण्यात साबणाचा थेंब, तोंडाला एन-९५ मास्क. हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं असतात, त्यात टॅल्कम पावडर मिसळलेला सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे आपला झटपट चिकटणारा, टाचणीच्या टोकाने भरा आणि तासाभरात घासून टाका. तो दुसऱ्या दिवसावर ठेवला तर रेझिनपेक्षा कडक होतो आणि घासताना आजूबाजूची भिंतच झिजते. जोडायलाही हाच गोंद किंवा दोन नळ्यांचा इपॉक्सी. प्लास्टिक किटचं पातळ सिमेंट इथे काम करत नाही. ते पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं, आणि रेझिन त्याला दाद देत नाही.

सगळी भोकं भरलीच पाहिजेत असं मात्र नाही. विटांच्या मधोमध एखादा बुडबुडा फुटलेला असेल तर ती तुटकी वीट आहे. सोलापुरात तुटकी वीट नसलेली भिंत मला दाखवा. भोक कोपऱ्याच्या धारेवर किंवा खिडकीच्या चौकटीवर असेल तर भरा, कारण तिथे डोळा आधी जातो.

आता प्रायमर. गाड्यांच्या रंगांच्या दुकानात राखाडी प्रायमर सरफेसर मिळतो, तो लॅकर जातीचा, पॉलियुरेथेनला छान धरतो. फवाऱ्याच्या डब्यातलाही चालेल. फक्त तुमच्या संचात खिडक्यांच्या चौकटी पॉलिस्टायरीनच्या असतील तर त्या वेगळ्या काढा, लॅकरच्या थिनरने त्या सुरकुततात. आपल्याकडे फवारणीची वेळ महत्त्वाची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी फवारलं तर थेंब भिंतीला पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि भिंत पॉलिश पेपरसारखी खरखरीत होते. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय येते. मी सकाळी सातच्या आत गच्चीवर उरकते, वारा सुटायच्या आधी. दोन हलके हात, मध्ये अर्धा तास. राखाडी एकसारखा झाला की खरी भिंत पहिल्यांदा दिसते, राहिलेले खड्डे, ओरखडे सगळे बोलायला लागतात. दुरुस्तीची शेवटची संधी हीच.

ब्रश की एअरब्रश, हा प्रश्न लोक फार मोठा करतात. एअरब्रश असेल तर पायाचा रंग त्याने द्या, नसेल तर रुंद मऊ ब्रशने पातळ करून द्या. गोष्ट आहे ती जाडीची. १:८७ म्हणजे एक फूट साडेतीन मिलिमीटर. नऊ इंची वीट अडीच मिलिमीटरच्या थोडी वर. आणि दोन विटांमधली एक सेंटिमीटरची दरज? ती तुमच्या मॉडेलवर मिलिमीटरच्या नवव्या हिश्शाएवढी. साच्यात ती मुद्दाम थोडी जास्त रुंद कोरलेली असते, तरीही रंगाचे दोन जाड हात दिले की बुजते. मग पैसे देऊन घेतलेले ते बारीक काम कुठे गेलं? रंग दुधासारखा पातळ हवा, ताकासारखा दाट नको. तीन पातळ हात लागले तर लागू द्या.

रंग कोणताही चांगला मॅट ॲक्रिलिक. व्हॅलेहो, तामिया या कंपन्यांचे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या चित्रकारांच्या ॲक्रिलिक नळ्यांवरही मी बरीच वर्षं काढली आहेत. त्या थोड्या चमकतात, शेवटी मॅट वार्निशने ते झाकता येतं. पोस्टर कलर नकोत. पुढचा ओला हात लागला की खालचा पोस्टर कलर पुन्हा विरघळतो आणि सगळं गढूळ होतं.

रंग बाटलीतल्याइतका गडदही ठेवू नका. लांबून बघितलेली वस्तू फिकी दिसते, आणि मॉडेल आपण नेहमीच लांबून बघत असतो. दोन फुटांवरून बघताय म्हणजे त्या प्रमाणात पावणेदोनशे फुटांवरून. म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिका राखाडी किंवा बदामी मिसळा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा मी डब्यातून बाहेरच काढत नाही.

विटांचं असं करा. आधी सगळी भिंत दरजेच्या रंगाने रंगवा. जुन्या इमारतीत चुन्याची दरज असते, तिचा रंग पांढरा नसून मळका बदामी, जुन्या धोतराचा. सिमेंटची दरज राखाडी. तुमची इमारत कोणत्या काळातली आहे ते ठरवा. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये, ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी निघाली १८७७ मध्ये. त्या काळातलं बांधकाम दाखवायचं असेल तर चुना. तो रंग पूर्ण वाळला की चपट्या ब्रशवर विटेचा रंग घ्या, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि भिंतीवर विटांच्या थरांना तिरका असा हलक्या हाताने फिरवा. रंग उठलेल्या विटांवर बसतो, खोल दरज तशीच राहते. एका फेरीत होत नाही. चार-पाच फेऱ्यांत भिंत हळूहळू वर येते, फोटो धुताना यायचा तशी.

मग विटांची निवड. भट्टीतली सगळी माती एकसारखी भाजत नाही. आगीजवळची वीट जांभळट काळी, लांबची फिकी नारिंगी. दर दहा विटांत एखादी वेगळी करा, तीन-चार छटा घ्या, बारीक ब्रशने एकेक वीट. हे कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून बसा. पण फार रंगीबेरंगी करू नका. डोळे बारीक करून बघा, भिंत एकच लाल दिसली पाहिजे. फक्त ती जिवंत लाल असावी.

दगडी मालधक्क्याला उलट वाट. आपला दगड बेसाल्ट, दख्खनचा काळा पाषाण. नवशिके त्याला काळा रंगवतात. भुईकोट किल्ल्याच्या तटाला दुपारी जाऊन बघा. ऊन पडलेला दगड राखाडी आहे, त्यात निळसर, तपकिरी, कुठे हिरवट झाक. काळा आहे तो फक्त सांध्यांमध्ये आणि ओल्या जागी. म्हणून पाया मध्यम राखाडी द्या, काही दगड तपकिरीकडे, काही निळ्याकडे झुकवा, आणि शेवटी फिक्या राखाडीचा कोरडा ब्रश टाकीच्या खुणांवरून फिरवा. छिन्नीच्या ज्या रेघा साच्यात उतरल्या आहेत त्या अशा उजळतात की स्पर्श करावासा वाटतो.

इथपर्यंत भिंत नवीन. आता तिला म्हातारी करायची.

तुमची चूक जी झाली ती सगळ्यांची होते, माझीही झाली. गिऱ्हाइकासाठी केलेल्या पहिल्या मोठ्या इमारतीवर मी असंच काळं पाणी ओतलं होतं. शेजारचे यंत्रमागवाले काका दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, आग कशी काय लागली हो?" मी ती सगळी परत धुतली. काळं पाणी सगळीकडे ओतलं की सगळं सारखंच घाण होतं, आणि खरी भिंत कधी सारखी घाण होत नसते. प्रत्येक डागाला कारण असतं. कुठून तरी पाणी आलेलं असतं, कुठे ऊन लागलेलं असतं, कुठे माणसाचा हात गेलेला असतो. डाग टाकायच्या आधी मी स्वतःला विचारते, हा इथे आला कुठून? उत्तर आलं नाही तर डाग टाकत नाही.

यासाठी मी एक काम करते. सकाळी सातला, ऊन तिरपं असताना, एखाद्या जुन्या गोदामाच्या भिंतीपुढे वही घेऊन उभी राहते. बाळीवेशीकडच्या गल्ल्यांत अशा भिंती अजून आहेत. एकीचं वर्णन करते. जमिनीपासून दीड फुटापर्यंत मातीचे शिंतोडे, पावसात रस्त्यावरून उडालेले. रंग लाल नाही, काळ्या रानातल्या वाळलेल्या मातीचा राखाडी-तपकिरी. त्याच्या वर साधारण तीन फुटांपर्यंत लोणा. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, वाळते आणि क्षार मागे ठेवते, म्हणून पांढरट पट्टा. त्याची वरची कड सरळ रेघ नसते, नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी असते. त्या पट्ट्यात विटांचे पापुद्रे निघालेले, दरजा पोखरलेल्या. त्याच्या वरची भिंत मात्र बऱ्यापैकी धड. मग खिडकी. सिलच्या दोन टोकांखाली काळपट ओघळ, मधोमध काहीच नाही, कारण पाणी सिलच्या टोकांवरून उतरतं. वर छपराखाली, जिथे पन्हळ फुटली आहे, तिथे हिरवट-काळा रुंद पट्टा, शेवाळाचा. आणि दाराच्या कडेला कमरेएवढ्या उंचीवर चकाकणारा तेलकट भाग, पन्नास वर्षं हात टेकलेला.

ही सगळी माहिती आता साडेतीनने गुणा. शिंतोडे पाच मिलिमीटर. लोणा दहा मिलिमीटर. हाताची जागा जमिनीपासून दहा-अकरा मिलिमीटर. अंदाजाने टाकलेला आणि मोजून टाकलेला डाग यात फरक दिसतो, बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी दिसतो.

साहित्य. जुनेपणाला मी चित्रकारांचे तैलरंग वापरते, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. आधी ॲक्रिलिक पूर्ण वाळवून त्यावर ॲक्रिलिकचंच पारदर्शक वार्निश द्यायचं, सॅटिन (अर्धवट चमकीचं) असलं तर बरं. त्यावर तैलरंग सरकतो, आणि मनाविरुद्ध गेलं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतो. ॲक्रिलिकच्या पाण्यात ही सोय नाही, एकदा वाळलं की लग्न लागलं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी), मुगाएवढा, तो आधी अर्धा तास पुठ्ठ्यावर पसरून ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, म्हणजे नंतर चमक राहत नाही. मग चमचाभर टर्पेंटाइन. बारीक ब्रशचं टोक फक्त कोनात लावा: सिलखाली, चौकटीच्या कडेला, कंगोऱ्याखाली. रंग स्वतःच दरजेतून धावतो. सबंध भिंतीवर फिरवायचा नाही. दहा मिनिटांनी स्वच्छ, जेमतेम ओल्या ब्रशने वरून खाली ओढा. वरून खालीच, पाणी वर चढत नाही. वाळायला दोन-तीन दिवस द्या. घाई झाली की मॅट वार्निशखाली तो चिघळतो.

काहींना शाईचं पाणी आवडतं, काळी इंडिया शाई अल्कोहोलमध्ये. दगडी धक्क्याला ते खरंच छान आहे. १०० मिलीत आठ-दहा थेंब, त्याहून जास्त नको. पण ते ॲक्रिलिकवर लावताना घासू नका, रंग उठतो. आणि ते मॅट वार्निशच्या आधी लावा. काही वार्निशांवर अल्कोहोल पडलं की पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं.

लोणा दाखवायला तैलरंग नको, तिथे भुकटी हवी. पांढऱ्या आणि फिक्या राखाडी कोरड्या पेस्टल खडूची पात्याने खरवडलेली. मऊ ब्रशने पट्ट्याच्या खालच्या भागात ठोका, वरची कड बोटाने अस्पष्ट करा. नंतर मॅट वार्निशचा फवारा लांबून, कारण भुकटी ओली झाली की अर्धी नाहीशी होते. म्हणून लावताना पाहिजे त्याच्या दीडपट लावा. ओला रंग कधी खरा मानू नये, हे वडिलांचं. लड पिळून, वाळवून, दारातल्या उजेडात धरल्याशिवाय ते रंगाला नाव द्यायचे नाहीत. तुम्हीही प्रत्येक छटा एका फालतू रेझिनच्या तुकड्यावर लावून, पंख्याखाली वाळवून, मगच भिंतीवर आणा. आणि शक्यतो ज्या दिव्याखाली मॉडेल ठेवणार त्याच दिव्याखाली.

धूळ घरचीच वापरायला हरकत नाही. रानातली काळी माती उन्हात कडक वाळवा, खलात कुटा, मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा. गेरूसुद्धा उत्तम, तो लोहाचा, रंग सोडत नाही. हळद-कुंकू मात्र खरं वापरू नका. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली की इमारतीत माणसं राहायला येतात, हे खरं. पण हळदीचा पिवळा उजेडात उडतो. माझ्या एका वाड्याचा उंबरा सहा महिन्यांत पांढराफटक झाला होता. तिथे पिवळा आणि तांबडा ॲक्रिलिक, टाचणीच्या टोकाने.

पानाची पिचकारी विचाराल. जिन्याच्या कोपऱ्यात एक, फार तर दोन. तीन झाल्या की लोक इमारत सोडून पिचकाऱ्याच बघत बसतात.

पत्र्याबद्दल थोडं, कारण तिथे सगळे गंज भसाभस लावतात. जस्ताचा पत्रा आधी चकाकी जाऊन दुधी राखाडी होतो. गंज सुरू होतो खिळ्यांपाशी, कापलेल्या कडेला आणि जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो त्या जोडाखाली. अडीच फुटांचा पत्रा तुमच्या छपरावर पावणेनऊ मिलिमीटरचा. तेवढ्या अंतरावर जोड धरा आणि चार-पाच पत्र्यांत एखादाच पूर्ण तांबूस करा, बाजूचा नुकताच बदललेला, चकचकीत. खिळ्याच्या ठिपक्यापासून खाली पन्हळीतून केसाएवढी तपकिरी रेघ. बस्स. कौलारू छप्पर करायचं झालं तर मंगलोरी कौलं सुटी-सुटी दोन-तीन छटांत, आणि आढ्याजवळ फिकी, वळचणीकडे काळपट. पागोळ्यांचं पाणी जिथे जमिनीवर पडतं तिथे जोत्यालगत एक ओली रेघही द्या, ती कुणी देत नाही.

तुमचा मालधक्का बार्शी लाइट रेल्वेवरचा म्हणून उभा करायचा विचार असेल, तर ती अडीच फूट रुंदीच्या रुळांची, म्हणजे नॅरोगेज गाडी होती, १८९७ ची, कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअर साहेबाची. १:८७ मध्ये तिला ९ मिमीचा रूळ जवळजवळ बरोबर बसतो. अरुंद गाडीचे डबे बुटके, तेव्हा धक्क्याची उंची मोठ्या लाइनच्या हिशोबाने ठेवू नका. ती रंगवण्याच्या आधी, प्रायमरच्याही आधी तपासा. मी एकदा सगळं रंगवून, लोणाबिणा लावून झाल्यावर डबा शेजारी ठेवला. हमालाच्या छातीपर्यंत धक्का. खालून चार मिलिमीटर कापावे लागले, नेमका सगळ्यात जमलेला भाग.

शेवटचा मॅट वार्निशचा हात झाल्यावरच खिडक्यांच्या काचा. आधी बसवल्या तर फवाऱ्याने धुरकटतात. आणि काच सायनोॲक्रिलेटने चिकटवू नका, त्याच्या वाफेने कडेला पांढरं धुकं येतं. पांढरा फेविकॉल पुरतो. एखाद-दुसरी काच लावूच नका, तिथे आतून पुठ्ठ्याचा तुकडा.

सुरुवात मालधक्क्यापासून करा. दगड चुका लपवतो, वीट लपवत नाही. दुमजली इमारत तोवर अल्कोहोलमधून काढून, धुऊन, कोरडी करून डब्यात ठेवा, आणि तिच्या मागच्या भिंतीवर, जी टेबलावर भिंतीकडे तोंड करून राहणार आहे, दरजेचा रंग आणि विटेचा कोरडा ब्रश आधी करून बघा. वाळल्यावर तिथे टेप लावून खसकन ओढा. टेप कोरी आली तर पुढची बाजू घ्या.